विश्लेषण: 'जुनी जर्मन दुर्बीण, आता कुठेच मिळत नाही!' बंद झालेल्या रायफल स्कोपची खरी किंमत कशी ओळखायची?

सोयाबीनला शेंगा धरल्या की हिंगोली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची झोप उडते. दिवसभर काम आणि रात्री आखाड्यावर जागल. रोह्यांचा कळप शिरला की तूर आणि हरभरा उभ्या उभ्या साफ. रानडुकरं आली की खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. बॅटरी, फटाके, डबे वाजवणं, सगळं करून होतं आणि दुसऱ्या रात्री कळप पुन्हा धुऱ्यावर हजर.

अशाच एखाद्या जागलीच्या रात्री मोबाइलवर बोट फिरवताना एक पोस्ट समोर येते. "जुनी जर्मन दुर्बीण, ओरिजिनल, मॉडेल बंद झालंय, हजार मीटरवरचं दिसतं, किंमत इनबॉक्समध्ये." फोटोत काळपट नळी, पितळी झाकण आणि चामड्याचा डबा. खाली कॉमेंट्समध्ये कुणी म्हणतं पन्नास हजार, कुणी म्हणतं लाखाच्या खाली देऊच नका.

खरंच इतकी किंमत असते का? मॉडेल बंद झालं म्हणजे किंमत वाढते की कमी होते? आणि मुख्य म्हणजे हिंगोलीतल्या शेतकऱ्याला या वस्तूचा उपयोग काय? एकेक प्रश्न घेऊया.

रायफल स्कोप म्हणजे नेमकं काय?

साध्या शब्दांत, बंदुकीच्या नळीवर बसवायची दुर्बीण. साध्या दुर्बिणीपेक्षा तिच्यात दोन गोष्टी जास्त असतात. एक म्हणजे आत दिसणारी फुली, जिला रेटिकल किंवा क्रॉसहेअर म्हणतात. दुसरी म्हणजे ती फुली वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवणारे नॉब, म्हणजेच टरेट.

स्कोपवर ४×३२ किंवा ३-९×४० असे आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते. दुसरा म्हणजे समोरच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ३-९×४० म्हणजे ३ ते ९ पट कमी-जास्त करता येणारा, ४० मिलिमीटर काचेचा स्कोप.

'हजार मीटरवरचं दिसतं' या वाक्याला फारसा अर्थ नाही, हे इथेच सांगून टाकूया. दिसायला चंद्रही दिसतो. स्कोपचं काम फक्त दाखवणं नाही. फुली जिथे ठेवली तिथेच ती शंभर झटके बसल्यावरही राहिली पाहिजे. किंमत याच गोष्टीची असते आणि फोटोत नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

'मॉडेल बंद झालं' याचे तीन अर्थ

जाहिरातीत 'डिस्कन्टिन्यूड' हा शब्द सोन्यासारखा वापरला जातो. पण बंद होण्याचे तीन वेगवेगळे प्रकार आहेत आणि तिन्हींचा किमतीवर वेगळा परिणाम होतो.

पहिला प्रकार: कंपनी चालू आहे, फक्त जुन्या मॉडेलची जागा नव्याने घेतली. अमेरिकेतल्या ल्यूपोल्ड कंपनीची 'व्हॅरी-एक्स थ्री' ही मालिका याचं उदाहरण. ती गेली आणि 'व्हीएक्स-थ्री' आली. ही कंपनी आपल्या स्कोपला आयुष्यभराची हमी देते आणि तुम्ही पहिले मालक आहात की पाचवे, हे विचारत नाही. त्यामुळे मॉडेल बंद होऊनही वापरणाऱ्यांचा विश्वास टिकतो.

दुसरा प्रकार: कंपनी चालू आहे, पण तिने हा धंदाच सोडला. कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निकॉनने २०१९-२० च्या सुमारास रायफल स्कोप बनवणं थांबवलं. साध्या दुर्बिणी आजही बनतात, विकलेल्या स्कोपची हमी पाळू असंही कंपनीने तेव्हा सांगितलं. पण ज्या मालाचं उत्पादनच थांबलं, त्याचे सुटे भाग वर्षागणिक कमीच होत जाणार.

तिसरा प्रकार: कंपनीच संपली. अमेरिकेतल्या पिट्सबर्गची युनर्टल हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. अशा स्कोपमध्ये आतली काच सुटली किंवा स्प्रिंग मेली, तर दुरुस्ती करणारे कारागीर जगात मोजकेच. म्हणजे वस्तू दुर्मीळ झाली आणि दुरुस्तीही दुर्मीळ झाली. पहिल्या गोष्टीने संग्राहकासाठी किंमत वाढते, दुसऱ्या गोष्टीने वापरणाऱ्यासाठी ती घटते.

म्हणून विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न 'किती जुना?' हा नाही. 'उद्या बिघडला तर दुरुस्त कोण करणार?' हा आहे.

नाव तेच, पण हात तेच आहेत का?

बिल वीव्हर या माणसाने १९३० मध्ये सामान्य शिकाऱ्याला परवडेल असा स्कोप बाजारात आणला. त्याची कंपनी पुढे टेक्सासमधल्या एल पासो इथे गेली. तिथल्या कारखान्यातून १९४७ मध्ये आलेला पोलादी नळीचा 'के-४' अमेरिकेतल्या घराघरांत पोहोचला. हा कारखाना १९८४ मध्ये बंद झाला. नाव मात्र वेगवेगळ्या मालकांकडे फिरत राहिलं आणि पुढे त्या नावाचे स्कोप जपानमध्ये तयार होऊ लागले. ते वाईट होते असं नाही. पण 'वीव्हर' म्हटलं की एल पासोचाच, असं धरून चालता येत नाही.

रेडफिल्डचंही तसंच. डेन्व्हरची ही जुनी कंपनी १९९८ मध्ये बुडाली. २००८ मध्ये ल्यूपोल्डने ते नाव विकत घेतलं आणि त्या नावाने स्वतःचे वेगळे स्कोप काढले. दोन रेडफिल्डमध्ये फक्त नावाचं नातं.

आता 'जर्मन'कडे या. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीची फाळणी झाली तशी झाइस कंपनीचीही झाली. जुनं घर असलेलं येना पूर्व जर्मनीत राहिलं, तर पश्चिमेत ओबरकोखेन इथे नवी झाइस उभी राहिली. दोन्हीकडून चांगला माल निघाला, पण दोघांचा इतिहास आणि सुट्या भागांची उपलब्धता वेगळी. शिवाय 'जर्मन' म्हणून खपवले जाणारे काही स्कोप मुळात ऑस्ट्रियाचे असतात. व्हिएन्नाची काहलेस आणि टिरोलमधली स्वारोव्स्की या ऑस्ट्रियन कंपन्या आहेत. नळीवर काय कोरलंय, कुठल्या गावाचं नाव आहे, अनुक्रमांक आहे का, हे न वाचता 'जर्मन' या एका शब्दाला पैसे देणं म्हणजे हळदीचा वाण न बघता नुसतं पोतं बघून भाव करण्यासारखं आहे.

नकली मालही आहेच. ल्यूपोल्डच्या 'मार्क ४' या महागड्या मालिकेच्या चिनी नकला बाजारात फिरत असल्याचा इशारा खुद्द कंपनीने दिलेला आहे. अनुक्रमांकाचा स्पष्ट फोटो द्यायला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तिथेच थांबा.

प्रतिष्ठा येते कुठून?

अनेकदा काचेतून नाही, तर गोष्टीतून.

युनर्टलचं आठ पटीचं मॉडेल अमेरिकन मरीन कोअरने दुसऱ्या महायुद्धात वापरलं. व्हिएतनाम युद्धात कार्लोस हॅथकॉक या नेमबाजाच्या रायफलीवरही आठ पटीचा युनर्टलच होता. रेडफिल्डचा ३-९ पटीचा स्कोप त्याच युद्धात मरीनच्या 'एम-४०' रायफलीवर बसला. ब्रिटिशांचा 'नंबर ३२' हा साधारण साडेतीन पटीचा स्कोप ली-एनफिल्ड रायफलीसाठी होता. स्कोपचा क्रमांक रायफलीच्या लाकडी दस्त्यावर ठोकलेला असे. आज तो क्रमांक आणि रायफल जुळली तर संग्राहक भरपूर पैसे मोजतात. जुळली नाही तर तोच स्कोप एकदम खालच्या भावात.

यातून काय दिसतं? 'संग्राहकाची किंमत' आणि 'वापरणाऱ्याची किंमत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संग्राहक इतिहास, मूळ रंग, मूळ डबा आणि जुळणारे क्रमांक यांचे पैसे देतो. वापरणाऱ्याला यातलं काहीच कामाचं नसतं. त्याला स्वच्छ काच आणि न हलणारी फुली हवी असते. समाजमाध्यमांवरचे विक्रेते बहुतेक वेळा पहिल्याचा भाव सांगून वस्तू दुसऱ्याला विकतात.

आपल्याकडच्या घराण्याच्या गोष्टींनाही हाच निकष लावा. "याच दुर्बिणीने आजोबांनी वाघ मारला" हे वाक्य ऐकायला भारी वाटतं. पण त्या काळातली वाघाची शिकार बहुतांशी मचाणावरून, हाका करून, अगदी जवळून होत असे. जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी रायफलसुद्धा साध्या, उघड्या नेमाची होती. वाघाची कथा आणि लांब पल्ल्याचा स्कोप यांचा मेळ बसतोच असं नाही. कथेला कागदाचा आधार नसेल तर तिची किंमत शून्य धरा.

जुनी काच आजच्या काचेपेक्षा चांगली असते का?

'जुनं ते सोनं' इथे अर्धंच खरं आहे.

काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश मागे परततो. काहीही लेप नसेल तर दर पृष्ठभागाला साधारण ४ टक्के. स्कोपमध्ये अशा अनेक काचा एकामागे एक असतात, त्यामुळे संध्याकाळी चित्र मळकट दिसतं. झाइसमधले शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन कमी करणारा अतिशय पातळ लेप शोधला. तिथून सगळं बदललं. पुढे एका थराऐवजी अनेक थरांचे लेप आले. त्यामुळे आजचा मध्यम किमतीचा चांगला स्कोपही प्रकाशाच्या बाबतीत सत्तर वर्षांपूर्वीच्या नामांकित स्कोपच्या पुढे जाऊ शकतो.

लेपाचं महत्त्व हिंगोलीकरांना वेगळं सांगायला नको. औंढा नागनाथजवळ दुधाळा इथे 'लिगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होतेय. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. तिथल्या आरशांवरचा लेप जवळपास सगळा प्रकाश परत पाठवण्यासाठी असतो, तर स्कोपमधला लेप प्रकाश परतू नये म्हणून. काम उलटं, पण धडा एकच: काच कुठली यापेक्षा तिच्यावर काय आहे आणि ती किती घट्ट बसवली आहे, याला मोल आहे.

जुन्या स्कोपची एक बाजू मात्र आजही भक्कम आहे. समोरच्या काचेच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ४×३२ मध्ये ३२ भागिले ४, म्हणजे ८ मिलिमीटर. ३-९×४० नऊ पटीवर नेला तर जेमतेम ४.४ मिलिमीटर. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी. म्हणून जुना साधा चार पटीचा स्कोप सांजवेळी काही जास्त पटीच्या नव्या स्कोपइतकाच कामाचा वाटू शकतो. 'जास्त पट म्हणजे जास्त चांगला' हा समज चुकीचा आहे, तो इथे.

'लाँग रेंज'चा दावा कसा तपासायचा?

लांबच्या नेमासाठी टरेटची एक-एक 'क्लिक' नेमकी असावी लागते. अनेक स्कोपमध्ये एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन. १०० मीटरवर ती सुमारे ७ मिलिमीटर, ३०० मीटरवर सुमारे २२ मिलिमीटर. क्लिक फिरवली आणि फुली तेवढीच सरकली नाही, तर तो स्कोप लांब पल्ल्यासाठी बाद.

जुन्या शिकारी स्कोपमध्ये असे नेमके क्लिक बऱ्याचदा नसतच. एकदा नेम जुळवायचा आणि नॉबवर झाकण लावून विसरायचं, यासाठी ते बनलेले असत. तो त्यांचा दोष नाही, त्यांचं काम वेगळं होतं. पण असा स्कोप आज 'लाँग रेंज' म्हणून विकणं ही फसवणूक आहे.

आणखी एक गंमत. फार जुन्या स्कोपमध्ये नेम जुळवताना फुली चित्राच्या मध्यातून बाजूला सरकलेली दिसते. ती मोडलेली नसते, तेव्हाची रचनाच तशी होती. फुली कायम मध्यात दिसेल अशी रचना नंतर आली.

बंदूक न लावता स्कोप तपासता येतो का?

येतो. हे सगळं टेबलावर होतं:

१. बुरशी: समोरून टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात चामड्याचा डबा ओल धरतो, म्हणून फोटोत छान दिसणारा तोच डबा काचेचा शत्रू असतो. बुरशीने लेप खाल्ला असेल तर साफ करूनही काच पूर्ववत होत नाही.

२. काचेचा जोड: जुन्या स्कोपमध्ये दोन काचा एका पारदर्शक चिकट द्रव्याने जोडलेल्या असत. कडेने इंद्रधनुषी किंवा दुधाळ डाग दिसला तर जोड सुटतोय असं समजा.

३. खुळखुळ: हलकेच हलवा. आत काही वाजलं तर व्यवहार तिथेच थांबवा.

४. नळी: रिंगांच्या जागी चेपल्याच्या खुणा, वाकडेपणा, स्क्रूच्या खाचा खराब झालेल्या. याचा अर्थ कुणीतरी घरच्या घरी उघडून पाहिलंय. एकदा उघडलं की आतला कोरडा वायू गेला आणि ओल शिरली.

५. चौकोनाची परीक्षा: स्कोप कापड लावून शिकंज्यात घट्ट बसवा. दूरच्या भिंतीवर खडूने खूण करा. फुली खुणेवर आणा. आता २० क्लिक वर, २० उजवीकडे, २० खाली, २० डावीकडे. फुली बरोबर मूळ खुणेवर परतली पाहिजे. तीन वेळा करा. दरवेळी वेगळीकडे थांबली तर आतली स्प्रिंग थकलेली आहे.

६. पट बदलून बघा: ३ वरून ९ पर्यंत नेताना फुली खुणेवरून सरकता कामा नये.

७. डोकं हलवून बघा: स्कोप ज्या अंतरासाठी जुळवलेला आहे, त्या अंतरावर डोळा थोडा इकडे-तिकडे केला तरी फुली खुणेवरून घसरू नये. शिकारी स्कोपसाठी हे अंतर बहुधा १०० यार्डांच्या आसपास असतं.

विक्रेता म्हणाला, "हात लावू देणार नाही, आधी पैसे," तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

एअरगनवर चालेल का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. कारण .१७७ बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअरगनला आपल्याकडे परवाना लागत नाही.

पण जुना शिकारी स्कोप एअरगनवर चढवणं बहुधा पैसे वाया घालवणं ठरतं. एक तर एअरगनचा पल्ला १० ते ५० मीटर, आणि स्कोप जुळवलेला १०० यार्डांना, त्यामुळे चित्र धूसर. दुसरं म्हणजे स्प्रिंगच्या एअरगनला मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका असतो. मागच्या झटक्यासाठी बनलेल्या जुन्या स्कोपची फुली या उलट्या झटक्याने तुटू शकते. तिसरं म्हणजे नळीचा व्यास. अमेरिकन स्कोप बहुधा एक इंची (२५.४ मिलिमीटर), तर जुने युरोपीय २६ किंवा ३० मिलिमीटरचे. चुकीच्या रिंगा आवळल्या की नळी चेपली.

आणि हेही लक्षात ठेवा: परवाना लागत नाही म्हणजे तिने प्राणी-पक्षी मारायला मोकळीक आहे, असा अर्थ होत नाही.

मग रोही आणि रानडुकरांसाठी स्कोप घ्यावा का?

इथे खरा मुद्दा येतो. स्कोप कितीही चांगला असला तरी हिंगोलीत तो बसवणार कशावर?

शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ज्या बंदुकीचा उल्लेख आहे ती ठासणीची. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची, म्हणजे आपली 'बारा बोअर'. या दोन्हींचा पल्ला थोडक्या मीटरांचा. त्यांच्यावर लांब पल्ल्याचा स्कोप लावणं म्हणजे बैलगाडीला विमानाचा काटा लावणं.

दुसरी भिंत वन्यजीव संरक्षण कायद्याची. १९७२ मध्ये हा कायदा आला तेव्हा काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. म्हणजे आजोबांच्या स्कोपचं जे मूळ काम होतं, तेच कायद्याने 'डिस्कन्टिन्यूड' आहे.

अपवाद आहे तो कलम ११ चा. माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरलेल्या रोही, रानडुकरासारख्या प्राण्याबाबत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती परवानगी कारण, जागा आणि अटींसह असते. खिशात परवानगी नसताना केलेली शिकार हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाख रुपयांवर नेली, आणि तुरुंगवास वेगळा. गुन्ह्यात वापरलेलं हत्यार, वाहन आणि साधनं सरकारजमा होतात. एका रात्रीत लाखाचा स्कोप आणि गाडी, दोन्ही गेले असं होऊ शकतं.

मग जागल करणाऱ्याने काय करायचं? त्याचा राग खोटा नाही. पण त्याच्या पैशाला जास्त उपयोगी वाटा आहेत. नुकसानीची लगेच वन विभागाकडे तक्रार आणि पंचनामा, भरपाईचा अर्ज, आणि विमा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे झालेलं नुकसान खरीप २०२६ पासून समाविष्ट करण्याचं केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. नुकसान ७२ तासांत कळवणं ही त्यातली अट. कुठले प्राणी आणि कुठले भाग, हे राज्याने अधिसूचित करायचं आहे. त्यामुळे विमा भरताना आपल्या तालुक्याचं नाव यादीत आहे का, हे कृषी कार्यालयात विचारा. स्कोपच्या फोटोपेक्षा तुडवलेल्या पिकाचा तारखेसह काढलेला फोटो तुम्हाला जास्त पैसे मिळवून देऊ शकतो.

घरात जुना स्कोप सापडला तर?

हिंगोली निजामाच्या राज्यात लष्करी छावणीचं गाव होतं. जुन्या वाड्यांत अशा वस्तू निघणं अशक्य नाही. तेव्हा हे करा:

घासूनपुसून चकचकीत करू नका. मूळ रंग गेला की संग्राहकाची किंमत गेली. उघडू नका. चामड्याच्या डब्यातून काढून हवेशीर, कोरड्या जागी ठेवा, डबा वेगळा जपा. जुनी पावती, परवान्याची प्रत, रायफलीसोबतचा फोटो असेल तर तो स्कोपइतकाच मोलाचा आहे.

सोबत बंदूक निघाली तर गोष्ट वेगळी. परवानाधारक वारल्यावर बंदूक वारसाच्या नावावर आपोआप होत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून जिल्हाधिकारी कार्यालयात रीतसर अर्ज करावा लागतो. 'नंतर बघू' म्हणून माळ्यावर ठेवलेली बंदूक म्हणजे विनापरवाना शस्त्र.

आणि 'परदेशात पाठवून हमीत दुरुस्त करून घेऊ' हेही वाटतं तितकं सोपं नाही. अमेरिकेतून बंदुकीचे स्कोप बाहेर पाठवण्यावर तिथल्या वाणिज्य खात्याचं नियंत्रण आहे. आयुष्यभराची हमी कागदावर जगभर फिरते, पार्सल मात्र फिरत नाही. हिंगोलीत बसून हिशेब करताना त्या हमीची किंमत निम्म्याहून कमीच धरा.

तर शेवटी किंमत किती?

एक साधी रीत. त्याच कामाचा नवा, बिलासह आणि भारतात दुरुस्त होणारा स्कोप कितीला मिळतो ते बघा. ती झाली वरची मर्यादा. समजा ती २० हजार आहे. दुरुस्ती होणार नसेल तर त्यातून मोठा हिस्सा कमी करा. काच मळकट असेल तर आणखी कमी. चौकोनाच्या परीक्षेत नापास झाला तर वापराची किंमत शून्य, उरली फक्त शोभेची. इतिहासाचे पैसे वरून द्यायचे ते फक्त कागद आणि क्रमांक जुळले तरच.

या हिशेबात 'आता कुठेच मिळत नाही' या वाक्याला जागा नाही. न मिळणाऱ्या वस्तू दोन प्रकारच्या असतात: लोकांना हव्या असून संपलेल्या, आणि कुणाला नको म्हणून बनवणं थांबलेल्या. पोस्टमधला स्कोप यातला कुठला, हे विक्रेता सांगणार नाही. ते टॉर्च, खडू आणि वीस क्लिक सांगतील.

आणि जागलीला बसलेल्या शेतकऱ्यासाठी उत्तर याहूनही छोटं आहे. ज्या बंदुकीवर तो बसत नाही आणि ज्या शिकारीला परवानगी नाही, तिथे जगातला सर्वांत चांगला स्कोपही महागच.